कार्मार्थनची तीन मते

स्वान्सीहून कार्मार्थनला रेल्वेने जायला पाऊण तास लागतो. गाडी बराच वेळ खाडीच्या कडेने जाते. भरती असेल तर रुळांजवळ पाणी असते, ओहोटी असेल तर मैलभर चिखल. मुलीच्या नोकरीमुळे माझा मुक्काम तीन महिने स्वान्सीला पडला होता. ती सकाळी कामाला गेली की घरात मी एकटा. म्हणून आठवड्यातून दोनदा कार्मार्थनला जाऊन तिथल्या ग्रंथालयात बसायचे, अशी सवय लावून घेतली. टवी नदीकाठचे हे गाव तालुक्याच्या बाजारपेठेएवढे आहे. स्टेशनावरून पूल ओलांडून चढ चढला की नॉट चौक लागतो आणि चौकात जनरल सर विल्यम नॉट यांचा ब्राँझचा पुतळा.

पहिल्या दिवशी मी पुतळ्याकडे फारसे पाहिले नव्हते. ब्रिटनमधल्या कुठल्याही गावात एखादा जनरल उभा असतोच. दुसऱ्या खेपेला गावाची माहिती देणारी पुस्तिका चाळताना समजले की नॉट हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातले. पहिल्या अफगाण युद्धात कंदाहार त्यांनी राखले आणि एलेनबरोच्या हुकमावरून गझनीहून तथाकथित सोमनाथाचे दरवाजे उचलून आणले ते त्यांच्याच फौजेने. हे दरवाजे सोमनाथाचे नव्हतेच, असे पुढे निष्पन्न झाले. ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून राहिले. हे मला थोडेफार ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पुढचे. पुतळ्याचे ब्राँझ महाराजपूरच्या लढाईत हाती लागलेल्या तोफांचे आहे आणि ते कंपनीने भेट दिले. महाराजपूरची लढाई म्हणजे २९ डिसेंबर १८४३, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची फौज. नॉट स्वतः त्या लढाईत नव्हतेही. महादजींच्या वारशातल्या तोफा वितळवून वेल्समधल्या या आडगावात १८५१ साली एक सेनापती उभा केला गेला आणि त्याच्या पायाशी दीडशे वर्षे भाजीबाजाराला जाणारी माणसे वळण घेत राहिली. मराठी माणसाने परमुलुखात आपले काही शोधू नये म्हणतात. इथे मी न शोधताच ते समोर आले.

पण मी कार्मार्थनला जात होतो तो तोफांसाठी नव्हे, तीन मतांसाठी. २८ फेब्रुवारी १९७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कार्मार्थन मतदारसंघात मजूर पक्षाच्या ग्विनॉरो जोन्स यांना १७,१६५ मते पडली आणि प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष ग्विनव्हॉर इव्हान्स यांना १७,१६२. राज्यशास्त्र शिकवताना अटीतटीच्या लढतीचा नमुना म्हणून हा आकडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला होता. त्यामागे माणसे कोण, गाव कसले, हे कधी पाहिले नव्हते. शिवाय माझे स्वतःचेही एक कारण होते. माझा जन्म खानापूर तालुक्यातला. १९५६ च्या नोव्हेंबरात आमचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. भाषेच्या प्रश्नावर मत देणे म्हणजे काय, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. उंबऱ्यावर शिकलो आहे.

*

कार्मार्थन मतदारसंघ या रूपात १९१८ साली अस्तित्वात आला आणि १९९७ साली मोडला गेला. एकोणऐंशी वर्षांचे आयुष्य. पण तिथल्या मतदाराचा स्वभाव समजायचा तर त्याआधीच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली रिबेकाची. १८३९ ते १८४३ या काळात या भागातले शेतकरी रात्री बायकांचे झगे घालून, तोंडाला काळे फासून निघत आणि रस्त्यांवरची टोलनाकी फोडत. शेतात टाकायचा चुना आणायचा तरी वाटेत तीन-चार ठिकाणी पैसे मोजावे लागत. टोळीच्या म्होरक्याला सगळे 'रिबेका' म्हणत. बायबलात रिबेकेच्या वंशजांना शत्रूच्या वेशी ताब्यात मिळतील असा आशीर्वाद आहे, त्यावरून हे नाव. १९ जून १८४३ रोजी जमावाने खुद्द कार्मार्थनमध्ये शिरून तिथल्या वर्कहाउसवर, म्हणजे निराधारांना डांबून काम करून घेणाऱ्या सरकारी घरावर, हल्ला केला. घोडदळ बोलवावे लागले. सरकारने मग चौकशी आयोग नेमला, १८४४ साली कायदा केला आणि टोलची व्यवस्था बरीच सोपी केली. टोल हटवणे हा काय पराक्रम असतो, हे कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको. महाराजपूरची लढाईही त्याच १८४३ सालातली, हा निव्वळ योगायोग.

दुसरी गोष्ट १८६८ ची. तेव्हा मतदान उघड होते. शेतकरी कुळे बहुतेक वेल्श बोलणारी आणि चॅपेलला, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या प्रार्थनाघराला, जाणारी. जमीनदार इंग्रजी बोलणारे, चर्चचे आणि हुजूर पक्षाचे. त्या निवडणुकीत लिबरल पक्षाला मत दिले म्हणून कार्मार्थनशायर आणि कार्डिगनशायरमधल्या कित्येक कुळांना जमिनीवरून हुसकावण्यात आले. त्यांच्यासाठी निधी गोळा झाला, प्रश्न पार्लमेंटात गेला. १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला, त्यामागच्या कारणांत या कुळांची नोंद होते. आपण आज ज्या पडद्यामागे जाऊन बटण दाबतो त्या पडद्याचा एक धागा इथून आलेला आहे. त्यानंतर पन्नास वर्षे या मुलखात लिबरल असणे हा राजकीय मताचा प्रश्न उरला नाही, तो घराण्याचा कुळाचार झाला.

*

१९१८ नंतरचा इतिहास म्हणजे या कुळाचाराची झीज. ती कशी झाली हे पाहताना मला सर आल्फ्रेड मॉन्ड यांचे प्रकरण सर्वांत बोलके वाटते. जर्मनीहून आलेल्या ज्यू रसायनशास्त्रज्ञाचे हे चिरंजीव बडे कारखानदार होते, पुढे इम्पीरिअल केमिकल इंडस्ट्रीजचे संस्थापक झाले. स्वान्सीची जागा गेल्यावर १९२४ च्या ऑगस्टमध्ये पोटनिवडणुकीत ते लिबरल म्हणून कार्मार्थनमधून निवडून आले. लॉइड जॉर्ज यांच्या जमीनविषयक धोरणाशी पटेना म्हणून १९२६ च्या जानेवारीत ते सरळ हुजूर पक्षात गेले. जागा मात्र सोडली नाही. पक्षांतरबंदी कायद्याच्या देशातून आलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून घरच्यासारखे वाटले. १९२८ साली त्यांना उमरावपद मिळाले आणि पुन्हा पोटनिवडणूक लागली. मतदारांनी हुजूर पक्षाला तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. लिबरल उमेदवार निवडून आला, पण मजूर पक्षाच्या डॅनिअल हॉपकिन यांच्यापेक्षा फक्त ४७ मतांनी. पुढच्याच वर्षी हॉपकिन ६५३ मतांनी जिंकले. पुढे १९३१ साली पुन्हा लिबरल, १९३५ साली पुन्हा हॉपकिन.

अशी हेलकावे खाणारी जागा सहसा शहराच्या कडेला सापडते, जिथे माणसे येतात-जातात. इथे तर कोणी कुठे जात नव्हते. मग असे का? मतदारसंघात दोन जगे होती. टवीच्या खोऱ्यातली दुधाची शेती, लहान लहान गोठे, दहा-वीस गाई. आणि पूर्वेकडच्या दऱ्यांत अँथ्रसाइट कोळशाच्या खाणी. गोठ्यातला माणूस लिबरल, खाणीतला मजूर पक्षाचा. पण दोघांची भाषा एक, चॅपेल एक, आणि बऱ्याच घरांत थोरला भाऊ गोठ्यात तर धाकटा खाणीत. म्हणून वर्गाची रेघ असूनही ती घराच्या मधून जायची, आणि निकाल कुठल्या बाजूला झुकेल हे उमेदवार कोण यावर ठरायचे.

याचा पुरावा १९४५ चा. त्या वर्षी सगळ्या ब्रिटनमध्ये मजूर पक्षाची लाट होती. चर्चिल पडले, ॲटली आले. आणि कार्मार्थनने बरोबर उलटे केले. मजूर पक्षाचा विद्यमान खासदार पाडून लिबरल पक्षाचे रीस हॉपकिन मॉरिस यांना १,२७९ मतांनी निवडून दिले. हे गृहस्थ मॅजिस्ट्रेट राहिलेले, युद्धाच्या काळात बीबीसीच्या वेल्स विभागाचे संचालक. लिबरल असूनही लॉइड जॉर्ज यांच्याशी त्यांचे कधी जमले नाही. १९५० साली ते १८७ मतांनी टिकले, १९५१ साली ४६७ मतांनी. हुजूर पक्ष या सगळ्या निवडणुकांत आपला उमेदवारच देत नव्हता, नाहीतर ते टिकतेच ना. १९५६ च्या नोव्हेंबरात ते वारले.

*

पोटनिवडणूक २८ फेब्रुवारी १९५७ रोजी झाली. पुढे तीन मतांचा निकाल लागला तोही २८ फेब्रुवारीच. त्याच दिवसांत इकडे आपली दुसरी सार्वत्रिक निवडणूक सुरू होती आणि संयुक्त महाराष्ट्र समिती काँग्रेसला पाणी पाजत होती. आमच्या भागात समितीच्या उमेदवाराची सभा झाली तेव्हा वडिलांनी मला खांद्यावर घेतल्याचे आठवते. एवढेच आठवते, भाषण नाही.

कार्मार्थनची ती निवडणूक सुएझच्या सावलीत होती. लिबरल पक्षाचे नवे नेते जो ग्रिमंड सुएझ मोहिमेच्या विरोधात, आणि त्यांचाच कार्मार्थनचा उमेदवार मोहिमेच्या बाजूने. मजूर पक्षाने जो पत्ता टाकला तो बिनतोड होता : लेडी मेगन लॉइड जॉर्ज. लिबरल पंतप्रधानाची मुलगी, बावीस वर्षे अँगलसीची लिबरल खासदार, अस्खलित वेल्श वक्ता, आणि १९५५ साली मजूर पक्षात आलेली. म्हणजे लिबरल मतदाराला पक्ष बदलायचा तर देव्हारा बदलावा लागत नव्हता. २३,६७९ विरुद्ध २०,६१० मतांनी त्या जिंकल्या आणि पार्लमेंटात लिबरल पक्षाचे पाच सभासद उरले. तिसऱ्या क्रमांकावर प्लाइड कम्रीच्या जेनी आयरिअन डेव्हिस होत्या. त्यांना ५,७४१ मते मिळाली. वर्तमानपत्रांच्या लेखी ती बातमी नव्हती. मला मात्र ती त्या निकालातली खरी बातमी वाटते.

कारण याच सुमारास भाषेचा प्रश्न घराघरांत शिरत होता, आणि तो सभांतून नव्हे तर कागदांतून शिरत होता. याच जिल्ह्यात, पण शेजारच्या लानेली मतदारसंघातल्या लान्गेनेख गावी, आयलीन आणि ट्रेव्हर बीझली हे जोडपे राहत होते. ट्रेव्हर खाणकामगार. १९५२ साली त्यांनी ठरवले की घरपट्टीची मागणी वेल्शमध्ये आल्याशिवाय पट्टी भरायची नाही. वेल्श बोलणाऱ्या गावात, वेल्श बोलणाऱ्या कौन्सिलकडून, वेल्श बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीत बिल का यावे, एवढाच प्रश्न. त्यांना पुन्हा पुन्हा कोर्टात नेले. जप्तीवाल्यांनी घरातले सामान उचलून नेले. आठ वर्षांनी, १९६० साली, बिल दोन्ही भाषांत आले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसलो. आमच्या घरी शेताचा उतारा कानडीत येई. वडिलांना कानडी बोलता येत असे, बाजारात ते बोलतही, कानडीशी त्यांचे काही वैर नव्हते. पण वाचता येत नसे. आपल्याच जमिनीच्या कागदावर काय लिहिले आहे हे विचारायला ते दर वेळी दुसऱ्या गल्लीतल्या मास्तरांकडे जात, आणि जाताना टोपी घालून जात. ती टोपी मला बीझलींच्या फर्निचरपाशी आठवली.

*

आता ग्विनव्हॉर इव्हान्स. त्यांचे चरित्र गमतीचे आहे, कारण वेल्श भाषेचा हा पुढारी इंग्रजी बोलणाऱ्या घरात जन्मला. बॅरी या बंदराच्या गावी, १९१२ साली. वेल्श ते मोठेपणी शिकले. ॲबरिस्टविथ आणि ऑक्सफर्डला कायदा शिकून त्यांनी वकिली न करता टवीच्या खोऱ्यात लान्गाडॉगला काचघरे घातली आणि टोमॅटो पिकवू लागले. युद्धाला तत्त्व म्हणून विरोध. गांधीजींविषयी आदर. १९४५ पासून पक्षाचे अध्यक्ष, १९४९ पासून जिल्हा कौन्सिलात. तिथे बहुमताच्या विरोधात एकटे-दुकटे उभे राहण्याची त्यांना सवय झाली.

वेल्समधले त्या काळचे मोठे दुखणे पाण्याचे होते. उत्तरेतल्या ट्रवेरिन खोऱ्यात कापेल केलिन हे वेल्श गाव लिव्हरपूलच्या धरणासाठी बुडवायचा कायदा १९५७ साली झाला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही असे म्हटले तर फार चूक होणार नाही, आणि तरी तो झाला. गाव १९६५ साली पाण्याखाली गेले. मुळशीची आठवण होणाऱ्याला जास्त सांगायला नको. पण कार्मार्थनशायरमध्ये याला एक धाकटे भावंड आहे ते फारसे कोणाला ठाऊक नसते. लान्गिन्डायर्न इथली छोटी दरी स्वान्सीच्या पाण्यासाठी बुडवायची ठरली, तेव्हा शेतकऱ्यांनी एकजूट केली आणि मोजणीवाले १९६३ साली आले तर त्यांना शेतांची फाटके साखळ्या लावून बंद मिळाली. धरण शेवटी दुसरीकडे झाले. गाव आज जागेवर आहे. या लढ्याच्या सल्लामसलतीत ग्विनव्हॉर होते. माणसे पुढाऱ्याला मत देतात ती बहुधा अशा फाटकांपाशी ठरवून ठेवतात.

१९६६ च्या मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. मेगन यांना कर्करोग झालेला, त्या प्रचाराला मतदारसंघात फिरकूही शकल्या नाहीत, तरी २१,२२१ मते मिळवून ९,२३३ मतांनी निवडून आल्या. ग्विनव्हॉर तिसरे, ७,४१६ मते. १४ मे रोजी मेगन वारल्या. १४ जुलैला पोटनिवडणूक झाली. पौंड गडगडत होता, खलाशांचा संप नुकताच मिटला होता, कार्मार्थन ते ॲबरिस्टविथ रेल्वेची उतारू वाहतूक आदल्या वर्षी बंद पडली होती. निकाल गिल्डहॉलच्या सज्जातून मध्यरात्रीनंतर वाचला गेला : ग्विनव्हॉर इव्हान्स १६,१७९, मजूर पक्षाचे ग्विलिम प्रीस डेव्हिस १३,७४३, लिबरल ८,६५०, हुजूर २,९३४. प्लाइड कम्रीचा वेस्टमिन्स्टरमधला पहिला खासदार.

या रात्रीचे वर्णन बहुतेक ठिकाणी 'राष्ट्राची जाग' असे केलेले आढळते. मला आकड्यांपाशी जरा थांबावेसे वाटते. साडेतीन महिन्यांत मजूर पक्षाची ७,४७८ मते गेली, लिबरलांची ३,३३८, हुजुरांची २,४०४. ग्विनव्हॉर यांची वाढली ८,७६३. आणि एकूण मतदान ४,४५७ ने घटले. म्हणजे बरेच मजूर मतदार घरी बसले असणार, आणि उरलेल्यांपैकी किती जण कुठे गेले हे गुप्त मतदानाने गुप्तच ठेवले आहे. ते योग्यही आहे, १८६८ ची कुळे त्यासाठीच रस्त्यावर आली होती. पण अंदाज बांधायचा तर माझा असा : ज्या मतदाराने वडिलांचा लिबरल पक्ष मेगनसाठी सोडला होता, तो मेगन गेल्यावर मोकळा झाला. मजूर पक्षाशी त्याचे लग्न लागलेच नव्हते. दूध, रेल्वे, खाण, शाळा या सगळ्यांबद्दल त्याच्या भाषेत बोलणारा आणि वीस-पंचवीस वर्षे खोऱ्यात दिसणारा माणूस समोर होता. जाग आली असेल, नाही म्हणत नाही. पण ती ४७ मतांच्या आणि १८७ मतांच्या निवडणुकांतून हळूहळू येत होती. आणि एक विसंगती : पडलेले प्रीस डेव्हिस हेही वेल्श भाषेचे आणि वेल्सच्या स्वायत्ततेचे कडवे पुरस्कर्ते होते. त्या रात्री दोन भाषाप्रेमी लढले आणि एक हरला.

ग्विनव्हॉर यांनी पार्लमेंटात वेल्शमध्ये शपथ घेऊ देण्याची मागणी केली. ती नाकारली गेली. मग त्यांनी प्रश्नांचा सपाटा लावला. वेल्सविषयी लेखी प्रश्न विचारायचे, आणि मिळालेली उत्तरे पक्षाने पुस्तिकांच्या रूपात छापायची. पुढच्याच वर्षी वेल्श भाषा कायदा झाला आणि वेल्समधल्या कोर्टात वेल्श बोलण्याचा हक्क मिळाला. त्याची तयारी आधीपासून चालू होती, पण कार्मार्थनच्या निकालाने सरकारची झोप उडाली नव्हती असे कोण म्हणेल? सॉन्डर्स लुइस यांच्यासारख्या जुन्या पुढाऱ्याला मात्र निवडणुकीचा हा मार्गच मान्य नव्हता. १९६२ च्या फेब्रुवारीत रेडिओवरच्या भाषणात त्यांनी भाषेसाठी लढा कचेऱ्यांच्या दारात लढावा, पार्लमेंटच्या बाकावर नव्हे, अशा अर्थाची मांडणी केली होती आणि उदाहरण म्हणून बीझली जोडप्याकडे बोट दाखवले होते. हा वाद मिटलेला नाही. मी स्वतः आयुष्यभर दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा राहिलो आहे.

*

१९७० साली मजूर पक्षाचे तरुण उमेदवार ग्विनॉरो जोन्स यांनी जागा ३,९०७ मतांनी परत घेतली. चार वर्षांनी तीन मते.

मोजणी पुन्हा पुन्हा झाली. त्याच निवडणुकीत पक्षाचे दोन तरुण उमेदवार उत्तरेत कायरनार्व्हन आणि मेरिओनेथमध्ये जिंकले, आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ पक्ष वाहणारे अध्यक्ष तीन मतांनी बाहेर राहिले. ग्रंथालयात माझ्या शेजारच्या टेबलावर एक वृद्ध शेतकरी रोज वर्तमानपत्र वाचायला येत. एकदा मी काय वाचतो आहे ते त्यांनी वाकून पाहिले आणि हसले. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांचे आईवडील आणि मोठा भाऊ त्या दिवशी मतदानाला गेलेच नाहीत. गाय अडली होती. संध्याकाळचे दूध काढून निघू म्हणाले, आणि वासरू बाहेर यायला रात्रीचे दहा वाजून गेले. "तीन," असे म्हणून त्यांनी बोटे दाखवली. कोणाला देणार होते, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही. जिल्ह्यात अशा तीन-तीन माणसांच्या गोष्टी किती घरांत असतील कोण जाणे. वासरू जगले, असे मात्र त्यांनी आवर्जून सांगितले.

ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक झाली. ग्विनव्हॉर यांना २३,३२५, जोन्स यांना १९,६८५. गंमत अशी की हरलेल्या जोन्स यांचीही मते फेब्रुवारीपेक्षा २,५२० ने वाढली होती. बाकीच्या दोन पक्षांच्या मतदारांनी ओळखले होते की इथे आता लढत दोघांचीच आहे. तीन मतांचा धसका मतदारालाही बसतो.

*

नंतरची साडेचार वर्षे काठावरच्या बहुमताच्या आणि पुढे तेही गमावलेल्या सरकारची. १ मार्च १९७९ रोजी वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का, यावर सार्वमत झाले आणि वेल्सने चारास एक या प्रमाणात नको म्हटले. ग्विनव्हॉर यांच्या आयुष्यातला हा सर्वांत वाईट दिवस असावा. महिन्याच्या आत, २८ मार्चला, कॅलहन सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. प्लाइड कम्रीचे तिन्ही खासदार सरकारच्या बाजूने उभे राहिले. मोबदला एकच : स्लेटच्या खाणींत दगडाच्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या कामगारांना नुकसानभरपाईचा कायदा. सरकार ३११ विरुद्ध ३१० असे एका मताने पडले. कायदा मात्र मोडीत निघालेल्या पार्लमेंटने शेवटच्या दिवसांत मंजूर केला. भाषिक पक्षांना भाकरीचे काय, असे विचारले जाते. ते विचारणाऱ्यांसाठी हे नोंदवून ठेवतो.

मे महिन्यात कार्मार्थनने ग्विनव्हॉर यांना १,९७८ मतांनी पाडले आणि मजूर पक्षाचे डॉ. रॉजर थॉमस यांना पाठवले. हुजूर पक्षाला तिथे १२,२७२ मते मिळाली. गोठेवाला आता नव्या दिशेला सरकत होता.

खासदारकी गेली, वय सदुसष्ट-अडुसष्ट. तेव्हा त्यांनी जे केले त्यामुळे ते आज लक्षात आहेत. थॅचर सरकारने वेल्श दूरचित्रवाहिनीचे वचन देऊन मोडले होते. १९८० च्या मे महिन्यात ग्विनव्हॉर यांनी जाहीर केले की वचन पाळले नाही तर ऑक्टोबरपासून आमरण उपोषण. पोट्टी श्रीरामुलूंचा १९५२ चा मृत्यू ज्यांच्या पिढीने पाहिला त्यांना ही भाषा परकी नाही. ब्रिटनच्या राजकारणाला होती. १७ सप्टेंबरला सरकारने माघार घेतली. उपोषणाचा पहिला दिवस उजाडलाच नाही. १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली. खासदार म्हणून जे मिळाले नव्हते ते पडलेल्या उमेदवाराने मिळवले, म्हणजे सॉन्डर्स लुइस बरोबर होते का? पण सोळा वर्षे निवडणुका लढवून जो माणूस घराघरांत पोचला नसता, त्याच्या उपवासाने सरकार घाबरले असते का, हेही विचारावे लागते. १९८३ साली ते कार्मार्थनमध्ये शेवटचे उभे राहिले आणि तिसरे आले.

*

१९९७ च्या मे महिन्यात मतदारसंघ मोडून पूर्व आणि पश्चिम अशा दोन जोडमतदारसंघांत वाटला गेला. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला स्वतःच्या विधानसभेवर दुसरे सार्वमत झाले. रात्रभर 'नको'ची आघाडी होती. बावीस जिल्ह्यांपैकी एकवीस जाहीर झाले आणि सगळ्यांत शेवटी कार्मार्थनशायर उरले. हो ४९,११५, नको २६,११९. एवढ्याने तराजू फिरला. साऱ्या वेल्समध्ये 'हो'चे मताधिक्य ६,७२१ होते. ग्विनव्हॉर तेव्हा पंच्याऐंशी वर्षांचे होते. ते आठ वर्षांनी, २००५ च्या एप्रिलमध्ये गेले.

पण मी ज्या प्रश्नासाठी गेलो होतो त्याचे उत्तर इतके सुबक नाही. १९६१ च्या खानेसुमारीत कार्मार्थनशायरमधली सुमारे तीन चतुर्थांश माणसे वेल्श बोलत होती. २०११ साली ४३.९ टक्के, २०२१ साली ३९.९ टक्के. विधानसभा आली, वाहिनी आली, रस्त्यावरच्या पाट्या आल्या, घरपट्टीचे बिल आले, आणि भाषा बोलणारे निम्म्याच्या खाली गेले. मुले शहरात जातात, बाहेरचे निवृत्त लोक घरे घेतात, दहा गाईंचा गोठा परवडत नाही. आमच्या सीमाभागात नेमके उलट आहे. समितीचा कर्नाटक विधानसभेत २०१८ ला कोणी निवडून आला नाही, २०२३ लाही नाही. महाजन आयोग नेमला त्याला तर १९६६ हेच साल, आणि दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. पक्ष हरला, पण खानापूरच्या आठवडी बाजारात आजही भाव मराठीतच होतो. मराठीला वेल्शसारखे मरणाचे भय नव्हते, मागे अकरा कोटींहून मोठे राज्य आहे, हे खरे. म्हणून ही तुलना मी फार ताणत नाही. पण तिथे जिंकूनही गमावले आणि इथे हरूनही राहिले, हे मला अस्वस्थ करते, आणि यातले कोणते बरे, हे मला सांगता येत नाही.

२०२४ च्या निवडणुकीत मतदारसंघांची फेररचना झाली आणि मोडलेला मतदारसंघ नावाने परत आला. मात्र इंग्रजी नाव आता अधिकृत नाही. नाव फक्त वेल्श : कायरव्हर्दिन. तिथून प्लाइड कम्रीच्या ॲन डेव्हिस निवडून गेल्या.

परतीच्या शेवटच्या दिवशी ग्रंथालयात ते वृद्ध शेतकरी भेटले. मी जातो म्हटल्यावर त्यांनी हात मिळवला आणि माझे गाव कुठले, हे पहिल्यांदा विचारले. मी खानापूर म्हणालो. मग भारतात ते कुठे येते, म्हणून त्यांनी विचारले. कुठल्या राज्यात, असा त्यांचा प्रश्न होता. मी हसलो. गाडीला वीस मिनिटे होती, आणि तेवढ्या वेळात ते सांगून होणारे नव्हते.